बिल पास करणारा, पॅरा काढणारा

(दृश्य: सीबीडी बेलापूर. कोकण भवनाचा दर्शनी भाग. आत फायलींनी भरलेली कपाटं.)

विभागीय आयुक्तांचं कार्यालय म्हणून कोकण भवन सगळ्यांना माहीत असतं. याच इमारतीत स्थानिक निधी लेखापरीक्षा संचालनालयही आहे, हे मात्र फार थोड्यांना. राज्यातल्या जिल्हा परिषदा, पंचायत समित्या, नगरपालिका यांचे हिशेब ही माणसं तपासतात. त्यामागचा मूळ कायदा १९३०चा.

इथले अधिकारी एमपीएससीतून महाराष्ट्र वित्त व लेखा सेवेत येतात. सहायक संचालक, उपसंचालक, सहसंचालक आणि नशिबात असेल तर संचालक. मधल्या काळात बदल्या: कधी सरकारी बिलं पास करणारं कोषागार, कधी जिल्हा परिषदेत मुख्य लेखा व वित्त अधिकारी, कधी महापालिकेत प्रतिनियुक्ती.

म्हणजे काल बिलं पास करणारा आज दुसरीकडे बिलांवर आक्षेप घेतो. यात सगळं वाईटच आहे असं नाही. एकाच कामाचे तुकडे पाडून निविदा कशी टाळतात, मोजमाप पुस्तिकेत खाडाखोड कुठे होते, मार्चअखेर देयकांना एवढी घाई का सुटते, हे खुर्चीच्या पलीकडे बसलेल्याला पटकन दिसतं. अडचण वेगळी आहे. आज ज्याच्या कामावर पॅरा, म्हणजे लेखापरीक्षेतला आक्षेप, काढायचा, तोच उद्या साहेब म्हणून समोर यायचा.

(दृश्य: ठाणे. न्यायालय नाका, दुपारची वर्दळ.)

ठाण्यातल्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागातही तीच गत. सापळा लावणारा निरीक्षक पोलीस दलातून आलेला असतो आणि काही वर्षांनी तिथेच परततो. नोटांना हाताला लागून खास दिव्याखाली चमकणारी अँथ्रासिन पावडर, सोबत पंच, रंगेहाथ अटक. बातमीत येतं ते एवढंच. पुढे खटल्यासाठी मंजुरी लागते, आणि ती देणार कोण? आरोपीला नोकरीवरून काढण्याचा अधिकार ज्याला, तो.

दिल्लीत घटनाकारांनी ही गाठ कापून टाकली होती. कॅग म्हणजे सरकारी हिशेब तपासणारे देशाचे नियंत्रक व महालेखापरीक्षक. त्यांची मुदत, पुढे संसदेच्या कायद्याने ठरली तशी, सहा वर्षं किंवा वयाची पासष्टी, जे आधी येईल ते. हटवायचं तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशासारखी प्रक्रिया. आणि निवृत्तीनंतर केंद्रात वा राज्यात सरकारी पद नाही. डॉ. आंबेडकरांनी १९४९ साली घटना समितीत या अधिकाऱ्याला घटनेतला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी म्हटलं होतं. तरी फट राहिलीच. बोफोर्स तोफांच्या खरेदीवरचा १९८९चा अहवाल ज्यांच्या कॅगपदाच्या काळातला, ते टी. एन. चतुर्वेदी पुढे राज्यसभेत गेले आणि २००२ साली कर्नाटकचे राज्यपाल झाले. राज्यपालपद म्हणजे केंद्राची नोकरी नव्हे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने त्याआधीच दिलेला होता. कायद्याने चोख, पण मनाला पटतं का, ते ज्याचं त्याने ठरवावं.

(दृश्य: पाम बीच रोडलगतचं नवी मुंबई महापालिका मुख्यालय.)

महापालिकेच्या मुख्य लेखापरीक्षकाला असं कवच नाही. त्याचा आधार एकच: कायद्यानुसार त्याचा अहवाल आयुक्तांकडे नव्हे, नगरसेवकांच्या स्थायी समितीकडे जातो. नगरसेवकांनी तो वाचावा आणि प्रशासनाला जाब विचारावा, अशी ही रचना. पण २०२०मध्ये नवी मुंबईत आणि २०२२मध्ये ठाण्यात नगरसेवकांची मुदत संपली, आणि पुढची काही वर्षं प्रशासकीय राजवट राहिली. स्थायी समितीचे अधिकार प्रशासकाकडे गेले. प्रशासक होते आयुक्तच. त्या वर्षांत खर्चावरचा आक्षेप मांडायचा तो ज्यांच्या अखत्यारीत खर्च झाला, त्यांच्याच टेबलावर.