शास्त्रीजींनी आधी मागितलं

नमस्कार मंडळी. नवीन नेता आला की लोकांच्या मनात आशा कशी येते, देश एकत्र कसा येतो, असा आजचा विषय आहे आणि मी त्यासाठी एकच माणूस घेतलाय, लालबहादूर शास्त्री. 27 मे 1964 ला नेहरू गेले. स्वातंत्र्यापासून देशाने दुसरा पंतप्रधान बघितलाच नव्हता, नेहरूंनंतर कोण ही चर्चा आधीपासूनच चालू होती, आणि 9 जूनला शपथ घेतली ती या लहानखुऱ्या, हळू बोलणाऱ्या माणसाने. समोर काय होतं, तर 62 च्या चीन युद्धातल्या पराभवाची जखम ताजी, धान्याचा तुटवडा, आणि अमेरिकेच्या पीएल-480 या अन्नमदत योजनेतून येणाऱ्या गव्हावर चाललेलं रेशन. अशा वेळी दुसऱ्या कुणी वचनं दिली असती, शास्त्रीजींनी लोकांकडेच मागितलं.

1965 मधे त्यांनी सांगितलं की सोमवारी रात्रीचं जेवण सोडा. आधी स्वतःच्या घरात करून बघितलं आणि मग देशाला सांगितलं, असं त्यांच्या घरचेच सांगतात. आपल्याकडे सोमवारचा उपास संध्याकाळी सोडायची पद्धत, इथे तर संध्याकाळीच जेवायचं नाही, तरी लोकांनी पाळलं, हॉटेलं पण सोमवारी संध्याकाळी बंद राहायला लागली. त्यातून किती पोती वाचली हा मुद्दा मला दुय्यम वाटतो. गिरणीतला कामगार असो की बंगल्यातला साहेब, दोघांना एकच काम दिलं आणि ते दोघांनाही जमण्यासारखं होतं, त्यामुळे देश अडचणीत आहे आणि मी त्यासाठी काहीतरी करतोय असं प्रत्येकाला वाटलं. माझ्या मते आशा तिथून येते, नुसत्या भाषणातून नाही येत.

त्याच वर्षी पाकिस्तानशी युद्ध झालं, आपले यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होते. अब्दुल हमीद आणि कर्नल तारापोर, एक मुसलमान आणि एक पारशी, दोघांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. युद्धविरामानंतर रामलीला मैदानावरच्या सभेत शास्त्रीजींनी हीच गोष्ट लोकांपुढे ठेवली, की मी हिंदू आहे, सभेचे अध्यक्ष मुसलमान आहेत, इथे ख्रिश्चन आहेत, शीख, पारशी आहेत, आणि आपण सगळे भारतीय आहोत.

पण खरी परीक्षा युद्धाच्या आधीच झाली होती, आणि तिच्याबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. 26 जानेवारी 1965 पासून हिंदी ही केंद्राची मुख्य राजभाषा होणार होती. मद्रास राज्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले, सरकारी नोकऱ्यांच्या परीक्षा हिंदीत झाल्या तर आमच्या पोरांचं काय हा त्यांचा सवाल होता, तरुणांनी स्वतःला जाळून घेतलं, गोळीबार झाले, कितीतरी माणसं गेली. संयुक्त महाराष्ट्रासाठी आपली माणसं गोळ्या खाऊन पडली आहेत, म्हणून ही वेदना आपल्याला तरी समजायला हवी. शास्त्रीजी स्वतः हिंदीवाले, पक्षात हिंदीचा आग्रह धरणारे बरेच, आणि सुरुवातीचे दोन आठवडे ते हललेच नाहीत, तो उशीर महागात पडला असंच माझं मत आहे. शेवटी सी. सुब्रमण्यम आणि अळगेसन या दोन तमिळ मंत्र्यांनी राजीनामे दिले आणि 11 फेब्रुवारीच्या रात्री शास्त्रीजी आकाशवाणीवर बोलले: बिगर-हिंदी राज्यांना हवं आहे तोपर्यंत इंग्रजी राहील, राज्यांना आपापल्या भाषेत कारभार करता येईल, केंद्राच्या परीक्षा इंग्रजीतही चालू राहतील.

म्हणजे ते मागे आले, आणि मला त्यांचं हे मागे येणं युद्धाएवढंच मोठं वाटतं. आपल्याच लोकांपुढे एक पाऊल मागे घ्यायला पंतप्रधानाला जास्त हिंमत लागते, कारण तिथे टाळ्या मिळत नाहीत, उलट आपलेच लोक नाराज होतात. पुढे 1967 मधे इंदिरा गांधींच्या काळात हे आश्वासन कायद्यात आलं.

आणि ते राजीनामे? ते मंजूर झाले नाहीत, सुब्रमण्यम अन्नमंत्री म्हणून राहिले. शास्त्रीजींनी त्यांच्या पाठीशी उभं राहून मेक्सिकोच्या जास्त पीक देणाऱ्या बुटक्या गव्हाच्या बियाण्याला रस्ता मोकळा करून दिला. 11 जानेवारी 1966 ला ताश्कंदमधे शास्त्रीजी गेले, जेमतेम 19 महिन्यांची कारकीर्द, आणि त्याच वर्षी ते बियाणं 18,000 टन देशात आलं.