कारखान्यातलं पिल्लू आणि जुळे सोलापूरची झोप

नमस्कार सोलापूरकर! ऐकताय ना? गॅसवर दूध ठेवलं असेल तर आधी बंद करून या, कारण आज मी कुत्र्यांवर बोलणारे आणि एकदा सुरू झाले की मला आवरणं अवघड आहे, आमच्या घरी कुणालाही विचारा.

गड्डा, म्हणजे आपली सिद्धेश्वराची यात्रा, तोंडावर आलाय. दरवर्षी याच दिवसांत माझा फोन वाजायला लागतो, "ताई, आमच्या बोळात पिल्लं झालीत, कायतरी करा की." होणारच. भाद्रपदात गल्लीत कुत्र्यांचा काय गोंधळ चालतो ते सगळ्यांनी बघितलेलं असतं, तिथनं साधारण ६३ दिवस मोजा, म्हणजे दिवाळीच्या मागंपुढं कुत्री व्याते, दोन आठवड्यांनी पिल्लांचे डोळे उघडतात आणि संक्रांत येईपर्यंत ती दोन महिन्यांची होऊन रस्त्यावर रिक्षांच्या चाकांपुढं पळायला लागलेली असतात. म्हणजे पिल्लू दत्तक घ्यायची वेळ हीच. दोन महिन्यांचं. त्याच्या आत आईपासनं तोडायचं नाही, परत सांगते, दोन महिन्यांच्या आत नाही, कितीही गोंडस दिसू दे आणि तुमचा मुलगा कितीही रडू दे.

आता पिल्लू घेताना लोक काय विचारतात? नर आहे का. रंग कुठला. मोठं किती होईल. एकजण तर म्हणाला, पांढरं असेल तर सांगा, आमच्या सोफ्याला मॅच होतंय. पण विचारायचा प्रश्न वेगळाच आहे, की हे पिल्लू आजवर वाढलं कुठं? कुणात राहिलं, काय खाल्लं, काय ऐकलं? हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे ते मला कुठल्या पुस्तकानं नाही, अक्कलकोट रोडच्या एका जॉबरमामांनी, म्हणजे कारखान्यातले लूम नीट चालू ठेवणाऱ्या मिस्त्रीमामांनी, शिकवलं. ती गोष्ट सांगते, मग बाकीचं.

एमआयडीसीत एक टॉवेलचा कारखाना आहे. तिथं गेटवर राणी नावाची कुत्री, तांबूस रंगाची, एक कान पडलेला. कामगारांच्या डब्यातली भाकरी खाऊन मोठी झालेली. ती व्याली कुठं, तर आत लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, मागं, वेस्ट सुताची पोती ठेवतात ना, त्या पोत्यांच्या सांदीत. चार पिल्लं. मी बघायला गेले तेव्हा पिल्लं महिन्याभराची असतील, पण सगळ्यांच्या मिशांवर, भुवयांवर कापसाचे तंतू बसलेले, त्यामुळं चारही जण पेन्शन घ्यायला आलेल्या म्हाताऱ्यांसारखे दिसत होते. आणि आजूबाजूला लूम सुरू, खटखट खटखट, माणसानं माणसाच्या कानात ओरडल्याशिवाय ऐकू जाणार नाही, आणि ही चौघं एकमेकांवर पाय टाकून गाढ झोपलेली.

दोन नर होते, ते वेळ आल्यावर लगेच गेले, जातातच. एक मादी मालकांच्या आईनं ठेवून घेतली. राहिली एक मादी. मादी म्हटलं की लोक तोंड वाकडं करतात, "नको हो, पिल्लं देईल." अहो, मग ऑपरेशन करा की! मादीचं ऑपरेशन होतं, सहा महिन्यांच्या आसपास डॉक्टर सांगतात तेव्हा करायचं, विषय संपला. मादी म्हणून नाकारायची सवय आपली एकूणच जुनी आहे, पण ते जाऊ दे, आज कुत्र्यांवर बोलायचंय.

तर ती मादी जुळे सोलापूर भागातल्या एका काका-काकूंनी घेतली. बँकेतनं रिटायर झालेले काका, मुलगा पुण्याला, दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, स्वच्छ, टापटीप, आणि इतकं शांत की फ्रिज सुरू झाला तर कळतं. पिल्लाचं नाव ठेवलं कांडी, लूमवर सूत गुंडाळलेली कांडी असते ना ती, कारखान्यातली म्हणून. मी म्हटलं, वा, कांडीनं घर काढलं.

पहिल्या रात्री कांडी रडली. ते चालतं, पहिली रात्र सगळीच रडतात. दुसऱ्या रात्री पण रडली, आणि रडली म्हणजे कुईकुई नाही, मान वर करून कोल्ह्यासारखी. दवाखान्यात नेलं, ताप नाही, पोट ठीक, जंताचं औषध झालेलं. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून दिली, राणीच्या अंगाखालचं जुनं पोतं आणून अंथरलं, काकू शेजारी जमिनीवर झोपल्या. काही उपयोग नाही. दिवसा शहाण्यासारखी खेळायची आणि रात्री घरातले दिवे, टीव्ही, पंखा बंद झाला की सुरू. खालच्या मजल्यावरच्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर रात्री अडीचला मेसेज टाकला, आणि त्याला सात जणांनी अंगठा दाखवला, म्हणजे सात जण जागेच होते.

सकाळी काकांचा फोन. "ताई, पिल्लू सोन्यासारखं आहे, पण घेऊन जा."

मी म्हटलं आजचा दिवस थांबा, आणि जॉबरमामांना गाडीवर मागं बसवून घेऊन गेले. मामा नाईट शिफ्ट करून आलेले, डोळे लाल, केसांत अजून कापूस. मामा आमच्या पूर्व भागातले, घरात तेलुगू, कामावर मराठी, चिडले की कन्नड. आत आले, खुर्चीत बसले नाहीत, दारातच उकिडवे बसले आणि तेलुगूत म्हणाले, "इटु रा." इकडं ये. झालं! कांडी सोफ्याखालनं बाणासारखी आली आणि मामांच्या मांडीत. काकू बघतच राहिल्या, कारण इतके दिवस तिला सगळे "कम, बेबी, कम" करत होते. मला हे कधी कळलेलंच नाही, घरात आपण मराठी बोलतो, देवाशी मराठी बोलतो, आणि कुत्र्याशी मात्र इंग्रजी. सिट, गो, नो, कम. असो.

मामांनी पोहे खाल्ले, चहा घेतला, घराकडं इकडंतिकडं बघितलं आणि विचारलं, "रात्री हितं काय चालू असतंय?"

काका म्हणाले, "काही नाही. सगळं बंद करतो आम्ही."

"मग कसं झोपंल ते?" मामा म्हणाले. "आमच्याकडं रात्रंदिवस लूम चालू. लूम कधी बंद पडतंय? लाईट गेली की. लाईट गेली की राणी उठून उभी राहायची, पिल्लं रडायची. लाईट आली, खटखट सुरू झालं, की परत झोपायची सगळी. ह्या पोरीला वाटतंय रोज रात्री लाईट जातीय."

मी आणि काका एकमेकांकडं बघतोय. एवढे डॉक्टर झाले, पिशवी झाली, पोतं झालं, आणि हे कुणाच्याच डोक्यात नाही.

रात्री मामांनी शिफ्टवरनं लूमचा आवाज रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपला पाठवला. काकांनी मोबाईल पोत्याजवळ ठेवला आणि लावला. खटखट खटखट खटखट. कांडीनं कान उभे केले, गोल गोल फिरली, बसली, आणि हनुवटी पंज्यावर टाकून झोपली. काकूंनी मला तो व्हिडिओ पाठवला, पण त्या व्हिडिओत खरी गंमत मागं आहे, मागं काका खुर्चीत तोंड उघडं टाकून घोरतायत, कांडीच्या आधीच झोपलेले! काकू म्हणाल्या, यांचं लहानपण मिलच्या चाळीत गेलं, वडील मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होते, रिटायर झाल्यापासनं यांना धड झोप नव्हती.

मिलचा विषय निघालाच आहे तर सांगते, या शहरानं गिरण्यांचा भोंगा जपायला हवा होता. निदान एक, दिवसातनं एकदा, वाजवायचा. आमची अख्खी पिढी त्याच्यावर शाळेत गेली, घरात घड्याळ नसलं तरी चालायचं. आता आपल्याकडं आहे काय, तर डीजे. हां, डीजेवर येते परत.

पुढं काय केलं तर आवाज रोज थोडा थोडा कमी. एकदम बंद नाही. एका आठवड्यात अर्धा, मग पाव, मग नुसता पंखा. होळीपर्यंत कांडीला मोबाईल लागेना, काकांना अजून लागतो. आणि त्या वर्षी दिवाळीत सगळ्या कॉलनीतली कुत्री पलंगाखाली, बाथरूममध्ये, एक तर गच्चीवर पळून बसलेलं, आणि खाली सुतळी बॉम्ब फुटतायत तर ही गॅलरीत पाय पसरून आडवी.

याच्या मागं कारण साधं आहे. साधारण तिसऱ्या आठवड्यापासनं चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचं मन उघडं असतं, त्या काळात जे बघेल, ऐकेल ते त्याला आपलं वाटतं, माणसं, मुलं, स्कूटर, कुकरची शिट्टी. नंतर तेच शिकवायला घाम निघतो. म्हणून विचारायचं, वाढलं कुठं. लक्षात राहिलं ना, वाढलं कुठं? आणि म्हणून उद्या कुणी पिल्लाला डीजेपुढं नेऊन बसवू नका, ताईंनी रेडिओवर सांगितलं म्हणून! माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५ हजाराच्या आसपास, आपल्याला जो आवाज येतच नाही तोही त्याच्या कानात जातो. मिरवणुकीत छाती हादरते ती तुमची, त्याचं काय होत असेल. गड्ड्याला होम मैदानावर दारूकाम होईल त्या रात्री कुत्र्याला अंधार पडायच्या आत फिरवून आणा, दारं लावा, रेडिओ लावा, आम्हालाही बरं वाटेल, आणि गळ्यातल्या पट्ट्यावर आपला फोन नंबर लिहा. घाबरून पळालेलं कुत्रं घरचा रस्ता विसरतं, आणि नंबर असला तर निदान कुणी फोन तरी करेल.

बाकीचं पटपट सांगते. गायी-म्हशीचं दूध पिल्लाला बऱ्याचदा पचत नाही, ढाळ लागतात. भाकरी चालते, बरोबर अंडं द्या, पण शेंगा चटणी लावून नको, लसूण त्याला विष आहे, कांदा पण, चॉकलेट, द्राक्षं पण. (आणि शेंगा चटणी मिक्सरला फिरवणाऱ्यांनी आपल्या चटणीला सोलापुरी म्हणू नये, ती उखळातच कुटायची असते.) ताप आला म्हणून घरातली क्रोसिन देऊ नका, जीव जाऊ शकतो. सहा-आठ आठवड्यांना पहिली लस, पार्व्हो-डिस्टेंपर या जीवघेण्या आजारांची, तीन महिन्यांना रेबीजची, मग डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. रेबीजची दरवर्षी, विसरायचं नाही.

आणि कृपा करून हस्की आणू नका. एप्रिल-मेमध्ये इथं पारा बेचाळीसच्या वर जातो, माणसं दुपारी बाहेर पडत नाहीत, आणि तुम्ही बर्फात गाडी ओढणारं कुत्रं एसीत कोंडून ठेवणार, लाईट गेली की ते धापा टाकणार. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकणं हाच त्याचा कूलर. इथल्या उन्हाला आपलं गल्लीतलंच कुत्रं बरं, त्यातल्या त्यात टिकतं.

राणीचं काय झालं विचाराल. तिचं ऑपरेशन झालं, डाव्या कानाला खाच पाडली आणि परत त्याच गेटवर आणून सोडली. कानाला खाच दिसली की समजायचं नसबंदी झालेली आहे. लोक म्हणतात, पकडून नेलीच होती तर लांब सोडायची. नाही, कुत्र्यांच्या नसबंदीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणं साधारणपणे जिथनं उचललं तिथंच सोडायचं असतं, आणि त्यात शहाणपण आहे, कारण ओळखीची, लस दिलेली राणी हलवली की तिची जागा रिकामी राहत नाही, लवकरच दुसरी अनोळखी, लस न दिलेली टोळी येते. खाऊ घालणाऱ्यांना पण एक सांगते, मी तुमच्याच बाजूची आहे, पण जिन्यात, दारात, मुलं खेळतात तिथं वाट्या मांडू नका, नियमात तेही लिहिलंय. एक कोपरा ठरवा, वेळ ठरवा, खाऊन झालं की जागा झाडून घ्या. निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

आता शेवटचं, आणि हे कागदावर लिहून घ्या. कुत्रं चावलं, ओरखडलं, मग ते भटकं असू दे, नाहीतर घरचं लाडकं पिल्लू, पहिली गोष्ट नळाखाली जायचं. साबण, वाहतं पाणी, पंधरा मिनिटं. पंधरा म्हणजे पंधरा, घड्याळ लावून. हळद नाही, चुना नाही, मिरची तर अजिबात नाही, मागच्या वर्षी एका आजींनी नातवाच्या पोटरीला मिरचीपूड लावली होती, ते पोरगं कुत्र्यापेक्षा आजीला जास्त घाबरायला लागलं. मग त्याच दिवशी सिव्हिलला किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात, जखमेतनं रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत वेगळं इंजेक्शन देतात, ते लागतंय का विचारा. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही जवळपास, पण वेळेत लस घेतली तर वाचतो. दोन इंजेक्शनं घेऊन बरं वाटतंय म्हणून सोडू नका. कार्डावर तारखा लिहून देतात, ते कार्ड फ्रिजवर चिकटवा, आणि शेवटच्या तारखेपर्यंत काढू नका.

काचेपलीकडनं मला हात करतायत, वेळ संपली. नमस्कार.