बाग आहे, पण पोचायचं कसं?

नमस्कार मंडळी! आज बागांबद्दल बोलायचंय, पण झाडं किती लावली ते नाही, त्या बागेत माणूस पोचतो का ते. नकाशावर हिरवा ठिपका दिसला की सगळे खूश होतात, पण तो ठिपका आणि आपलं दार यांच्यामध्ये सहा लेनचा रस्ता असेल आणि अर्धा रस्ता ओलांडेपर्यंत सिग्नल बदलत असेल, तर गुडघे दुखणाऱ्या आजींसाठी ती बाग असून नसल्यासारखीच ना!

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१७ मध्ये एक साधा हिशोब सांगितला, घरापासून ३०० मीटरच्या आत निदान अर्धा ते एक हेक्टर हिरवी जागा हवी. छानच आहे, पण हे अंतर सरळ रेषेतलं. बागेला चारी बाजूंनी भिंत आणि गेट एकच, तेही पलीकडच्या टोकाला, तर चालायला किती पडतं बघा. मला विचाराल तर आधी गेटं वाढवा, त्याला नवीन जमीन पण लागत नाही.

आणि गेट कसलं, तर बाइक आत येऊ नयेत म्हणून आडवेतिडवे लोखंडी पाइप लावलेले, त्यात व्हीलचेअर अडकते, बाबागाडी अडकते. रॅम्पचं पण तसंच. एकास बारा हा चढ नेहमी सांगितला जातो, म्हणजे १५ सेंटीमीटरच्या एका पायरीला १८० सेंटीमीटर लांब रॅम्प लागतो, दोन हाताची फरशी तिरकी टाकली म्हणजे रॅम्प झाला असं नसतं हो.

व्हिएन्नात १९९० च्या दशकात लक्षात आलं की नऊ-दहा वर्षांनंतर मुली बागेत येईनाशा होतात, कारण मोकळी जागा मोठी मुलं खेळायला धरून बसतात. मग १९९९ पासून तिथल्या दोन बागा बदलल्या, पायवाटा वाढवल्या, एका मोठ्या मैदानाचे छोटे छोटे भाग केले, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनला जागा दिली, आणि मुली परत आल्या. कुणाला हाकललं नाही, नुसती जागेची मांडणी बदलली!

बाकाला पाठ आणि हात हवेत, हातावर जोर देऊन उठता येतं म्हणून. आणि टॉयलेट, ते बांधलेलं असतं पण कुलूप असतं, मग डायबेटिसवाले आजोबा दहा मिनिटं बसतात आणि घरी जातात. ते कुलूप आधी काढा.