शिसवाचा पापुद्रा, हेदूची पाकळी

बेळगावातल्या शहापूरच्या या गल्लीत दिवस रंध्याच्या आवाजानं उजाडतो. आज मात्र कारखाना शांत आहे, एका टेबलाच्या नक्षीचं काम चाललंय. शेगडीवर लोखंडी तवा आहे आणि तव्यात मलप्रभेची वाळू, धुऊन, वाळवून, चाळून घेतलेली.

मेस्त्री चिमट्यात हेदूच्या लाकडाची एक पाकळी धरतात, बोटाच्या पेराएवढी. तिची कड वाळूत खुपसतात, मनातल्या मनात आकडे मोजतात आणि उचलतात. कड तपकिरी झालेली असते. तो तपकिरी रंग वर चढता चढता लाकडाच्या पिवळ्यात विरून जातो. तळाची वाळू जास्त तापलेली, वरची कमी, म्हणून सावली अशी उतरत जाते. रंग कुठलाच लावलेला नाही. बारा पाकळ्या शेजारी शेजारी बसल्या की लाकडावर पंखा उघडतो. डोळ्यांना त्याच्या चुण्या दिसतात, हाताला मात्र सपाट फळीच लागते.

टेबलाची घडण 1790 च्या आसपासची, इंग्रजी. निमुळते चौकोनी पाय, एक खण आणि दोन्ही बाजूंना बिजागरीवर खाली सोडता येणारी पानं. इंग्लंडात अशी टेबलं महोगनीची करत, नक्षीला सॅटिनवुड वापरत. 1818 मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांकडे गेला. पुढे लष्करी कॅम्प वसला, बंगले उठले आणि असल्या घडणीचं फर्निचर इथल्या सुतारांच्या हाताखालून जाऊ लागलं. मेस्त्रींकडेही असंच एक जुनं टेबल दुरुस्तीला आलं होतं. त्याचीच मापं घेऊन हे नवं उभं राहतंय.

सांगाडा सागवानाचा, पाडलेल्या वाड्याच्या तुळईतून काढलेला. "वाड्यातलं सागवान किती पावसाळे बघितलेलं असतंय. ते काय हलणार आता?" मेस्त्री म्हणतात खरं, पण फळीच्या दोन्ही अंगांना लाकडाचा पातळ पापुद्रा, म्हणजे व्हिनिअर, चिकटवतात. एकाच अंगाला लावला, तर वाळताना तो फळीला आपल्याकडे ओढतो आणि फळी वाकते. बाजारातलं व्हिनिअर जेमतेम अर्धा मिलिमीटर. मेस्त्री शिसवाचा पापुद्रा स्वतः करवतीनं काढतात, दीड मिलिमीटरचा. पुढं कधी घासायची वेळ आली तर अंगात लाकूड राहिलं पाहिजे.

चिकटवायला सरस, जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला गोंद. रात्रभर पाण्यात भिजवलेला, सकाळी पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून साठेक अंशांवर विरघळवलेला. "उकळला की मेला म्हणून समज, बाळा," ते शिकाऊ पोराला बजावतात. मग बोथट हातोडी मधून कडेकडे दाबत न्यायची, जादा सरस बाहेर काढायचा आणि नखानं टिचकी मारत ऐकायचं. एके ठिकाणी आवाज पोकळ येतो. ओलं फडकं, वर गरम इस्त्री, पुन्हा हातोडी. आवाज भरीव होतो.

अलीकडचा पांढरा गम सोपा आहे, लवकर धरतो. तरी मेस्त्री सरसच वापरतात, कारण दुरुस्तीला आलेल्या त्या टेबलाचा फुगलेला पापुद्रा याच ओल्या फडक्यानं अलगद सुटला होता. ज्या सुतारानं तो लावला, त्यानं आपल्यामागून येणाऱ्याची सोय करून ठेवली होती. मला या सगळ्या कामात ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

आता कडेची रेघ. हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा लाकडी ठोकळ्यात बसवून मेस्त्रींनी हत्यार केलंय. ते ओढत नेलं की शिसवात बारीक खाच पडते. तिच्यात फणसाची पट्टी बसते. आज ती हळदीसारखी पिवळी आहे, उजेडात राहून तांबूस होत जाईल.

पानं वर उचलून धरायला लाकडी बिजागरीचा हात आहे. तो फिरतो, पान त्याच्यावर टेकतं, फट राहत नाही. मेस्त्री दोनदा उघडून बघतात.

पॉलिश तेवढं बाकी आहे. स्पिरिटमधली लाख पावसाळी दमट हवेत पांढरी पडते, आणि बाहेर श्रावण आहे. दसऱ्यापर्यंत टेबल इथंच राहील, कोपऱ्यात, जुन्या लुगड्याखाली.