तारखेच्या दिवशी दुखणारं पोट

मंडळी, पत्रिकेत आजचा विषय 'कैद्यांची मुलं आणि शिक्षेची सुनावणी' असा छापलाय. त्यावर येतेच, पण आधी एका मुलीबद्दल सांगू द्या.

पाचवीतली पोर. बाप कच्चा कैदी, म्हणजे खटला चालू आणि जामीन नाही. देशातल्या दर चार कैद्यांत तीन असे कच्चेच असतात. तर महिन्यातून दोनदा हिच्या पोटात दुखायचं, शाळा बुडायची. बाईंनी आजीला बोलावून घेतलं, दवाखाना झाला, जंताचं औषध झालं. मग आम्ही हजेरीपट आणि कोर्टाच्या तारखा शेजारी ठेवून पाहिल्या. पोट नेमकं तारखेलाच दुखायचं.

ती कोर्टात जायची. कारागृहातल्या मुलाखतीत मधे काच, कानाला फोन आणि मागे रांग. कोर्टात मात्र बाप गाडीतून उतरला की जिन्यापर्यंत हाताच्या अंतरावर. बंदोबस्ताच्या पोलीस पार्टीतले एक हवालदार तेवढा वेळ दुसरीकडे बघायचे आणि ही बापाचा हात धरून जिना चढायची. एकदा गणिताचे मार्क सांगितले, एकदा पडलेली दाढ दाखवली. त्या हवालदारांना माझा इथून नमस्कार.

एका तारखेला बाप आलाच नाही. हजेरी व्हिडिओवर घेतली होती. गाडी नको, बंदोबस्त नको, सगळ्यांची सोय. पोर साडेपाचपर्यंत फाटकाशी उभी. व्हिडिओ हजेरीचे फायदे सांगणारी भाषणं मी पुष्कळ ऐकलीत, त्यांत त्या जिन्याचा विचार कुणीच केलेला नसतो. माझा तो राग अजून उतरलेला नाही.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं राहिलीत. भरभर सांगते.

दोषी ठरल्यावर शिक्षा किती द्यायची यावर न्यायाधीश आरोपीचं म्हणणं ऐकतात. पूर्वी सीआरपीसीचं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 235, आता तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं 258. तिथे वकील 'घरची जबाबदारी आहे, दया व्हावी' म्हणतात आणि खाली बसतात. माझं मागणं असं, की त्या वेळी एक कागद समोर असावा: मुलं किती, वयं काय, उद्यापासून कुणाकडे. शिक्षा कमी करा असं मी म्हणत नाही. तो कागद त्याच दिवशी बाल कल्याण समितीकडे, म्हणजे निराधार मुलांची सोय ठरवणाऱ्या समितीकडे जावा. आमच्या त्या पाचवीतल्या मुलीच्या बापाला सात वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा ती वर्गात होती. तिला तारीखच माहीत नव्हती.

आर. डी. उपाध्याय खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2006 साली आईबरोबर तुरुंगात राहणाऱ्या सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहार, दवाखाना, पाळणाघर ठरवून दिलं. जी बाहेर राहतात त्यांची अशी काळजी कुणी केलीय? अशा मुलांना सांभाळणाऱ्या घराला मदत देणाऱ्या सरकारी बालसंगोपन योजनेत महिना 2250 रुपये आहेत, पण हे आजीला सांगणार कोण? बाप आत असल्याचा दाखला आणायलाच आम्हाला चार चकरा पडल्या.

आणि गळाभेट. आपल्या काही कारागृहांनी मुलांना आईबापांना मिठी मारू दिली, फार चांगलं केलं. पण ती समारंभापुरती नको. दर महिन्याला हवी, शाळा बुडणार नाही अशा दिवशी.

वेळ संपली. बालसंगोपनाच्या अर्जाचे कोरे नमुने दाराशी ठेवलेत. वस्तीतल्या एखाद्या आजीपर्यंत ज्यांना पोचवता येतील, त्यांनी घेऊन जा.