आधी शाळा शोधा, मग मास्तर: आयर्लंडमधल्या एका पंतोजीचा माग

मंडळी, आयर्लंडमधले घराणे शोधायला बसणाऱ्याला पहिल्याच दिवशी एक वाईट बातमी ऐकावी लागते. 1821 ते 1851 या चार जनगणनांचे बहुतेक कागद 30 जून 1922 रोजी डब्लिनमधल्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या इमारतीच्या आगीत अभिलेखागारासह जळाले. 1861 आणि 1871 चे कागद सरकारने त्याआधीच नष्ट केले होते, आणि 1881 व 1891 चे पहिल्या महायुद्धात रद्दीत गेले. घरोघरची सलग नोंद मिळते ती थेट 1901 आणि 1911 ची.

पण पूर्वज खेड्यातला शाळामास्तर असेल, तर तो शेजारच्या शेतकऱ्यापेक्षा लवकर सापडतो. 1831 साली राष्ट्रीय शाळांची व्यवस्था सुरू झाली आणि मास्तराला या शाळांच्या शिक्षण मंडळाकडून पगार मिळू लागला. पगार देणारा हिशेब ठेवतोच, आणि मंडळाची ही दप्तरे आगीतून वाचलेली आहेत.

ही दप्तरे माणसाच्या नावाने लावलेली नाहीत, शाळेच्या नावाने लावलेली आहेत. म्हणून आधी शाळा शोधायची. प्रत्येक शाळेला एक रोल नंबर असे. आपल्याकडे रोल नंबर मुलाचा असतो, तिथे तो शाळेचा. मुलांची आणि मुलींची शाळा एकाच छपराखाली असली तरी नंबर दोन, आणि नवी इमारत झाली की कधीकधी नंबरही नवा. हे माहीत नसले की शोध मध्येच तुटतो आणि मास्तर नोकरी सोडून गेला असे वाटते. प्रत्यक्षात तो तिथेच असतो, बदललेला असतो फक्त शाळेचा नंबर.

रोल नंबर हाती आला की डब्लिनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात तीन प्रकारचे कागद मागवायचे. पहिला, अनुदानाचा अर्ज: त्यात शाळेच्या खोलीची लांबी-रुंदी, अर्जदार आणि मास्तराची माहिती असते. दुसरा, पगाराची वही. ही 1834 पासून मिळते आणि तीच खरी खाण आहे. मास्तर कधी लागला, कोणत्या श्रेणीत, पगार किती, कधी गेला, हे तिथे एका ओळीत सापडते. त्याच पानावर बायको शिवणकामाची शिक्षिका म्हणून, किंवा मुलगा पगारी मॉनिटर (धाकट्या मुलांना शिकवणारा मोठा विद्यार्थी) म्हणून दिसला तर नवल नको. शाळा हा बऱ्याच ठिकाणी घरचाच व्यवसाय होता, म्हणून पानावरचे सारखे आडनाव कधी सोडू नये. तिसरा प्रकार म्हणजे तक्रारींच्या फायली. मास्तराला नेमणे आणि काढणे शाळेच्या व्यवस्थापकाच्या हातात असे, आणि व्यवस्थापक बहुधा गावचा पाद्रीच असे. दोघांचे बिनसले की कागद वाढत. चांगल्या मास्तराबद्दल दोन ओळी मिळतात, भांडखोर मास्तराबद्दल अख्खी फाइल. वंशावळ शोधणाऱ्याने पूर्वज भांडखोर निघावा अशीच प्रार्थना करावी. उत्तरेकडच्या सहा काउंट्यांमधल्या (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) शाळांची बरीच कागदपत्रे मात्र बेलफास्टच्या अभिलेखागारात आहेत, तिथे वेगळी फेरी करावी लागते.

आता सगळ्यात मोठी चूक. शाळा जिथे, तिथलाच मास्तर, असे लोक धरून चालतात. मास्तर नोकरीच्या शोधात फिरत असे. जनगणनेच्या फॉर्मवर त्याच्या जन्माची फक्त काउंटी मिळते, आणि तुम्हाला हवे असते ‘टाउनलँड’, म्हणजे आपल्या वाडी-शिवारासारखे सर्वांत लहान एकक. ही एकके साठ हजारांहून जास्त आहेत आणि एकच नाव अनेक काउंट्यांमध्ये आढळते.

यावर उपाय मुलांच्या जन्मनोंदींचा. 1 जानेवारी 1864 पासून सगळ्यांची जन्म, विवाह आणि मृत्यूची नोंद सक्तीची झाली. बिगर-कॅथलिक विवाह त्याआधी, 1 एप्रिल 1845 पासून नोंदले जात. जन्मनोंदीत बापाचा व्यवसाय, राहण्याचे ठिकाण आणि आईचे माहेरचे आडनाव असते. मास्तराला सहा मुले असतील तर सहाही नोंदी काढून तारखेने ओळीत लावायच्या. ठिकाणे बदलत गेलेली दिसली की नोकरीचा नकाशा तयार होतो. मग त्या प्रत्येक ठिकाणची पगाराची वही उघडायची. विवाहाच्या नोंदीत वर आणि वधू दोघांच्याही वडिलांचे नाव व व्यवसाय मिळतो. लग्न मात्र बहुधा वधूच्या पॅरिशमध्ये, म्हणजे तिच्या चर्चच्या हद्दीत लागे, म्हणून वराच्या गावात ते शोधून उपयोग नाही. मृत्यूच्या नोंदीत आईबापांची नावे नसतात. त्या कागदाच्या मागे फार धावू नये.

तारखांवर आंधळा विश्वास नको. जन्माची नोंद उशिरा केली तर दंड पडे, म्हणून काही आईबाप जन्मतारीखच पुढे ढकलत. मग चर्चच्या वहीत बाप्तिस्मा आधी आणि सरकारी नोंदीत जन्म नंतर, अशी गंमत दिसते. अशा वेळी चर्चची तारीख खरी मानावी. कॅथलिक वह्या पॅरिशमध्येच राहिल्याने वाचल्या. राष्ट्रीय ग्रंथालयाने 2015 साली त्यांच्या साधारण 1880 पर्यंतच्या प्रतिमा इंटरनेटवर फुकट दिल्या. बऱ्याच नोंदी लॅटिनमध्ये आहेत: जेम्स तिथे ‘जेकोबस’ होतो आणि विल्यम ‘गुलिएल्मस’. बाप्तिस्म्याला उभे राहिलेल्या धर्मपित्याची आणि धर्ममातेची नावेही उतरवून घ्या. बहुतेकदा ती नात्यातलीच माणसे असतात.

वयाचेही तसेच. 1901 मध्ये 56 वर्षांचा माणूस 1911 मध्ये 70 चा निघतो. मधल्या काळात वृद्धापकाळाचे पेन्शन आले होते. 1909 पासून ते सत्तरीनंतर मिळू लागले आणि बऱ्याच जणांची वये वाढली. पण या पेन्शनने आपले एक काम मात्र केले. या म्हाताऱ्यांच्या जन्माची सरकारी नोंद नव्हती, म्हणून त्यांची नावे 1841 आणि 1851 च्या जनगणनेत शोधली जात. त्या शोधाचे अर्ज अजून आहेत. जनगणना जळाली, पण अर्जावर आईबापांची नावे आणि टाउनलँड शिल्लक राहिले.

1911 च्या फॉर्मबद्दल आणखी एक सांगतो. काही मास्तरांनी तो अभिमानाने आयरिश भाषेत भरला. इंग्रजी स्पेलिंगने शोधणाऱ्याला ते घर सापडतच नाही, म्हणून ‘मॅक’ आणि ‘ओ’ लावून आयरिश रूपही शोधून पाहा. आडनाव ही आयर्लंडमध्ये पक्की गोष्ट नव्हे. ब्राँटे भगिनींचे वडील पॅट्रिक 1777 साली डाऊन काउंटीत जन्मले आणि तिथेच शाळामास्तर होते. तिकडे घराण्याचे आडनाव ‘ब्रंटी’ असे लिहिले जाई. 1802 मध्ये ते केंब्रिजला गेले आणि पुढे जगाला ओळखीचे झाले ते ब्राँटे हे रूप.

जमिनीच्या कागदांत मास्तर सापडेलच असे नाही. 1847 ते 1864 दरम्यान झालेल्या ग्रिफिथच्या मूल्यमापनात, म्हणजे कर ठरवण्यासाठी केलेल्या जमीन-घरांच्या मोजदादीत, प्रत्येक भोगवटादाराचे नाव आहे. पण मास्तर कुणाच्या घरी भाड्याने राहत असेल तर तो तिथे नसतो, आणि राष्ट्रीय शाळेची इमारत बहुधा करमाफ म्हणून वेगळी दाखवलेली असते. नाव नाही म्हणजे माणूस नव्हता, असे मानू नका. घर त्याच्या नावावर असेल तर पुढच्या दुरुस्तीच्या वह्या बघा. त्या आपल्या फेरफार नोंदवहीसारख्या: जुने नाव वेगळ्या रंगाच्या शाईने खोडून नवे लिहिलेले, शेजारी साल.

1831 च्या मागे जायचे तर झुडपी शाळांचे मास्तर येतात, कुंपणाच्या आडोशाला किंवा मातीच्या झोपडीत फी घेऊन शिकवणारे. कॅथलिकांनी शाळा चालवण्यावर कायद्याने बंदी होती, त्या काळात त्यांनी मागे कागद ठेवला नाही, तो ठेवण्यातच धोका होता. पण 1824 च्या शाळा-पाहणीचा तपशील 1826 च्या सरकारी अहवालात पॅरिशवार छापला आहे: मास्तराचे नाव, धर्म, वर्षाची कमाई, शाळेच्या घराचे वर्णन आणि मुलांची संख्या. ही संख्या प्रोटेस्टंट आणि कॅथलिक पाद्र्यांनी वेगवेगळी कळवलेली असते आणि ती अनेकदा जुळत नाही. इथले नाव 1834 नंतरच्या पगाराच्या वहीत त्याच पॅरिशमध्ये दिसले, तर झुडपी शाळेचा मास्तरच राष्ट्रीय शाळेत आला असण्याची शक्यता मोठी.

या सगळ्याला जोड हवी असेल तर 1937 ते 1939 मध्ये सुमारे पाच हजार शाळांतल्या मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांकडून लिहून घेतलेला लोकसाहित्याचा संग्रह पाहा. तो इंटरनेटवर खुला आहे. त्यात शाळेचे आणि तेव्हाच्या शिक्षकाचे नाव असते, आणि गावातल्या जुन्या मास्तरांच्या आठवणीही. पण त्या आठवणी ऐकीव आहेत. नाव आणि टाउनलँड तिथून घ्या, साल मात्र पगाराच्या वहीतून.