पहिली भाषा कोणती?

नमस्कार श्रोतेहो. मी सांगलीतल्या एका महाविद्यालयात कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला शिकवते. प्रवेशाच्या दिवसांत पालक हमखास विचारतात, "मॅडम, पोराला आधी सी शिकवणार की पायथन?" या दोन्ही संगणकाला काम सांगायच्या, म्हणजे प्रोग्रॅमिंगच्या भाषा. पालकांच्या मनात नोकरीची काळजी असते. मला काळजी असते ती पहिल्या पंधरा दिवसांची.

काही वर्षांपूर्वी आमची प्रॅक्टिकल्स टर्बो सी या सी भाषेच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या निळ्या पडद्यावर चालायची. मिरज तालुक्यातला एक मुलगा वडिलांची हळदीच्या विक्रीची पट्टी घेऊन आला. दोन क्विंटल, दर 20,000. त्यानं बेरीज मांडली आणि पडद्यावर उत्तर आलं उणे 25,536. "मॅडम, म्हणजे आम्हीच अडत्याचं देणं लागतो व्हय?" चेहरा पडला होता पोराचा. बेरीज त्यानं बरोबरच मांडली होती. टर्बो सीत साध्या पूर्णांकाला 16 बिट, म्हणजे एक किंवा शून्य मावणाऱ्या सोळा घरांची जागा मिळते. 32,767 च्या पुढचा आकडा तिथं मावत नाही, तो उलटून उणे बाजूला जातो. पण हे त्याला कसं सांगायचं? बायनरी, म्हणजे एक-शून्यात आकडे लिहिणं, अजून शिकवलीच नव्हती. पुढचे काही दिवस तो शेवटच्या बाकावर गप्प बसून राहिला.

सी भाषेचा यात दोष नाही. डेनिस रिची यांनी ती 1972 च्या सुमारास बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेत घडवली, आणि पुढं युनिक्स ही संगणक चालवणारी प्रणाली तिच्यातच नव्यानं लिहिली गेली. ती जाणत्यांच्या हातातलं हत्यार आहे. पायथन 1991 मध्ये आली. तिचे निर्माते ग्वीडो व्हॅन रॉसम यांनी त्याआधी एबीसी या नवशिक्यांसाठीच्या भाषेवर काम केलं होतं, आणि तो सोपेपणा पायथनमध्ये उतरलाय.

आता मी सुरुवात पायथननं करते. तिथं ती बेरीज सरळ 40,000 येते. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. पायथन 3 मध्ये चलाचं, म्हणजे आकडा साठवायच्या जागेचं, नाव देवनागरीत चालतं. जत, आटपाडीकडून मराठी माध्यमातून आलेली मुलगी 'वजन', 'दर', 'रक्कम' असं लिहिते, तेव्हा 'इफ' आणि 'फॉर' एवढंच तिला परकं उरतं. सगळं लक्ष हिशोबाच्या पायऱ्यांवर राहतं.

पण पायथन बरंच झाकूनही ठेवते. यादी एका शब्दात क्रमानं लागते, आणि पोरं समजतात की काम झालं. म्हणून तो तयार शब्द मी पहिल्या सत्रात वापरू देत नाही. दोन-दोन आकडे ताडून, अदलाबदल करत, आधी वहीत पेन्सिलीनं करायचं.

दुसऱ्या सत्रात मात्र सी हवीच. तेव्हा मी हळदीची तीच पट्टी फळ्यावर मांडते, टर्बो सी उघडते आणि उणे 25,536 आल्यावर गप्प राहते. गेल्या वर्षी एक मुलगी उठली, फळ्यावर सोळा चौकटी आखल्या, एक-शून्य भरले आणि डावीकडच्या पहिल्या चौकटीवर बोट ठेवून म्हणाली, "मॅडम, हितं एक आला, म्हणून उणे झालं."